किल्ल्यांचा जुडगा

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटहून दुधनीकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत मैंदर्गी हे गाव लागते. कर्नाटकाची सीमा येथून दूर नाही. त्यामुळे गावात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. गावाला नगरपरिषद असली, तरी भोवतालचा मुलूख शेतीवर जगणारा आहे. या मुलखातील जुन्या शेतकरी घरांत एक रीत कसोशीने पाळली जाई. ज्वारी आणि तूर यांनी भरलेल्या कोठीच्या खोलीची किल्ली घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या कमरेला असे. घरातील प्रत्येकाला पोटभर भाकरी मिळे. परंतु कोणीही केव्हाही उठावे आणि कोठीचे दार उघडावे, अशी मुभा नसे. यात घरच्या माणसांविषयी अविश्वास नव्हता. पेरणीसाठी राखून ठेवलेले बियाणे एखाद्या दिवशी चुकून दळणात गेले, तर हंगामात घराने काय करावे? चोराच्या भयापेक्षा या चुकीचे भय मोठे होते, आणि त्या एका किल्लीने ते दूर ठेवले होते.

आज अशाच एखाद्या घरात धान्याच्या कोठीशेजारी एक नवी कोठी येऊन बसली आहे. ती म्हणजे संगणक. महाराष्ट्रात २००१ साली ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि लहान गावांतील तरुणांनाही संगणकाची ओळख होऊ लागली. पुढे यंत्रच घरात आले. शेताच्या सातबाऱ्याचा उतारा, आडतीवर घातलेल्या तुरीचा हिशेब, थोरल्या बहिणीची परीक्षेची टिपणे, आजोबांची जुनी छायाचित्रे, हे सारे त्याच्या पोटात साठते. हे धान्य नसले, तरी घराचा ठेवाच आहे. आणि यांपैकी कित्येक वस्तू एकदा नाहीशा झाल्या, की पुढल्या हंगामात पुन्हा पिकत नाहीत. मग या कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला असते? पुष्कळ घरांत ती दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते, आणि येणारा-जाणारा ती खुशाल घेतो.

मैंदर्गीतील अशा एका घराची कल्पना करावी. तेथील संगणक सुरू केला, की कोणालाही काही न विचारता तो एकाच खात्यात उघडतो. वडील, काका, बहीण आणि बारा वर्षांचा धाकटा मुलगा असे चौघे तेच खाते वापरतात. सुटीच्या दुपारी मुलाला फुकट मिळणारा एक खेळ सापडतो. तो उतरवून घेताना पडद्यावर प्रश्न येतो, ‘या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यावयाचे काय?’ मुलगा ‘होय’ या शब्दावर टिचकी मारतो. असा प्रश्न त्याने पूर्वीही पाहिलेला असतो, आणि ‘होय’ म्हटल्यावरच काम पुढे सरकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. या वेळी मात्र खेळाच्या वेषात दुसरेच काही आत शिरते. यंत्र सुरू होताच आपणही सुरू व्हावे, अशी तजवीज ते करून घेते. संरक्षणासाठी बसविलेला प्रोग्राम बंद पाडते. आणि काकांचा हिशेब व बहिणीची टिपणे यांची नासधूस करते. सायंकाळी घरात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘हे कोणी केले?’ मुलगा मान खाली घालून उभा राहतो.

परंतु न्यायाने पाहिले, तर हा अपराध एकट्या त्या मुलाचा नव्हे. ज्या घराने बारा वर्षांच्या मुलाच्या हाती बियाण्याच्या कोठीची किल्ली कधी दिली नसती, त्याच घराने अधिक मोलाच्या कोठीची किल्ली नकळत त्याच्या हाती दिली होती. त्याने केवळ ‘होय’ म्हटले. त्या ‘होय’मध्ये साऱ्या घराचा अधिकार सामावलेला आहे, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. दोष मुलाच्या बोटाचा थोडा आणि व्यवस्थेचा फार. म्हणून ही व्यवस्था कशी असते आणि ती कशी असावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकावर प्रत्येक माणसाचे निराळे खाते उघडता येते. बँकेतील खाते पैशाचे असते. संगणकातील खाते ओळखीचे व अधिकाराचे असते. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, दिला, की यंत्र माणसाला ओळखते आणि जणू त्याच्या खोलीत नेऊन बसविते. या खात्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिले प्रशासकाचे, त्यालाच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असे म्हणतात. या खात्याच्या धन्याला साऱ्या यंत्रासाठी नवे प्रोग्राम बसविता येतात, जुने काढून टाकता येतात, नवी खाती उघडता येतात, संरक्षणाची व्यवस्था बदलता येते आणि मनात आणले तर दुसऱ्याच्या फायलीही उघडता येतात. दुसरे ते साधे खाते. त्यात लिहिता येते, वाचता येते, चित्रे काढता येतात, गाणी ऐकता येतात, इंटरनेटवर हवे ते शोधता येते. साऱ्या घरावर परिणाम होईल असा बदल तेवढा त्यातून करता येत नाही. शाळेचा अभ्यास असो की घरचा हिशेब असो, रोजची जवळजवळ सर्व कामे साध्या खात्यातून सुखाने होतात.

खात्यांच्या जोडीला फायलींच्या परवानग्यांचीही योजना असते. एखादी फाईल कोणी वाचावी, तीत फेरफार कोणी करावा आणि ती प्रोग्रामची असेल तर तो कोणी चालवावा, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी ठरविता येतात. वाचनालयातील ग्रंथ सर्वांनी वाचावा, परंतु त्याच्या समासात कोणी लिहू नये; रोजनिशी मात्र ज्याची त्यानेच लिहावी आणि त्यानेच वाचावी. हाच विवेक येथेही लागू पडतो. बहिणीची टिपणे भावाने वाचली, तर त्याचा लाभच होईल. परंतु त्यांतील चार ओळी त्याच्या हातून पुसल्या गेल्या, तर तिची हानी होईल. म्हणून तिने वाचण्याची परवानगी द्यावी आणि लिहिण्याची स्वतःकडे ठेवावी. कुटुंबाची छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशा जागी असावीत; खाजगी पत्रे ज्याची त्याच्या खोलीत असावीत.

ही योजना मुळात घरासाठी जन्मलेली नाही. १९६० च्या सुमारास संगणक इतके अवाढव्य आणि महाग होते, की एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे भाग होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी एकच यंत्र एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी प्रणाली १९६१ साली करून दाखविली. प्रत्येकाचे काम निराळे राखण्यासाठी तेथे परवलीच्या शब्दाचा उपयोग होऊ लागला. त्याच प्रणालीवर घडलेला एक प्रसंग कॉर्बाटो यांनी पुढे स्वतः सांगितला आहे. एके दिवशी यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी एक जण सर्वांना दाखवावयाची सूचना दुरुस्त करीत होता. त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. त्यांचे लेखनाचे साधन मात्र, एका ठिकाणी एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरून बनविलेले होते. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि जो जो यंत्रावर आला त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटले! येथे चोर नव्हता, द्वेष नव्हता, अडाणीपणाही नव्हता. साधनात एक दोष होता आणि काम करणारी माणसे जाणती होती. परंतु त्यांच्या हाती सर्वांच्या किल्ल्या असल्यामुळे एका खोलीतील गोंधळ साऱ्या घरात पसरला.

अशा अनुभवांतून हे शास्त्र शहाणे होत गेले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. तीत सर्वाधिकारी खात्याला ‘रूट’, म्हणजे मूळ, असे नाव मिळाले. आणि फाईलचा मालक, त्याचा गट व इतर लोक अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे या परवानग्या वेगवेगळ्या ठरविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची तत्त्वे एका निबंधात मांडली. त्यांतील एक तत्त्व कोणालाही कळेल इतके सोपे आहे : प्रत्येक माणसाने आणि प्रत्येक प्रोग्रामने, हाती असलेले काम पुरे होण्यास लागेल तेवढाच अधिकार घेऊन ते काम करावे. घागरभर पाणी हवे असताना कोणी मोट जुंपीत नाही, तसेच हे आहे.

घरगुती संगणक मात्र बराच काळ या शहाणपणापासून दूर राहिला. तो एका माणसाचे यंत्र म्हणून घडविला गेला होता. आणि एकटा राहणारा माणूस आपल्याच घरात खोलीखोलीला कुलपे कशाला लावील? विंडोज ९५ आणि विंडोज ९८ या प्रणालींत परवलीचा शब्द विचारला गेला, तरी तो न देताही आत शिरता येई, आणि फायलींना परवानग्यांचे कुंपण नसे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने खात्यांचा भेद घराघरांत आणला खरा. पण यंत्राची मांडणी करताना उघडलेली खाती प्रशासकाचीच होत. सगळेच राजे झाले आणि प्रजा कोणीच उरली नाही. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने मोठा बदल करण्यापूर्वी थांबून परवानगी विचारण्याची पद्धत घातली. वर सांगितलेल्या मुलाने ज्याला ‘होय’ म्हटले, तो प्रश्न या पद्धतीतलाच होय. साध्या खात्यातील माणसाला हा प्रश्न केला जातो, तेव्हा नुसते ‘होय’ पुरत नाही. प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. त्यासाठी मुलाला उठून वडिलांकडे जावे लागते, आणि त्या चार पावलांत विचाराला अवसर मिळतो. आजही नव्या संगणकावर प्रथम उघडलेले खाते सामान्यतः प्रशासकाचेच असते. साधे खाते आपोआप मिळत नाही. ते घराने जाणीवपूर्वक उघडावे लागते.

म्हणून प्रत्येक घराने एक गोष्ट ठरवून करावी. प्रशासकाचे एक खाते निराळे ठेवावे आणि ते केवळ यंत्राच्या व्यवस्थेसाठी वापरावे. रोजच्या कामासाठी मुलाचे, बहिणीचे, काकांचे आणि वडिलांचेही साधे खाते असावे. येथे ‘वडिलांचेही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधे खाते लहानांसाठी अथवा अजाणांसाठी असते, जाणत्याने प्रशासकाच्याच खात्यात बसावे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. फसवा प्रोग्राम ज्या खात्यात शिरतो, त्या खात्याचा अधिकार तो वापरतो. तो कोणाचे वय विचारीत नाही आणि पदवीही विचारीत नाही. वडील फसले, तर त्यांच्या मोठ्या अधिकारामुळे हानीही मोठी होते. जुन्या घरातील आजीसुद्धा कोठीचे दार दिवसभर सताड उघडे टाकीत नसे. लागेल तेवढे धान्य काढून ती पुन्हा कुलूप लावी. अधिकार असणे निराळे आणि तो अष्टौप्रहर अंगावर वागविणे निराळे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. मुलांचा आक्षेप असा, की ‘आम्हाला साधे खाते दिले, म्हणजे आमच्यावर विश्वास नाही.’ तो हसण्यावारी नेऊ नये. कारण नियम केवळ लहानांनाच असेल, तर त्यांना तो अपमान वाटणारच. परंतु ज्या घरात वडीलही साध्या खात्यातूनच काम करतात, तेथे या तक्रारीला जागा राहत नाही. शिवाय साधे खाते मुलाला जितके बांधते, तितकेच ते त्याचे रक्षणही करते. त्याचा अर्धा लिहिलेला निबंध दुसऱ्याच्या हातून पुसला जात नाही. यंत्र बिघडले, तर संशयाचे बोट एकदम त्याच्याकडे वळत नाही. कारण जे करण्याची शक्तीच त्याच्या खात्यात नव्हती, ते त्याने केले असे कोण म्हणेल?

मोठ्यांचा आक्षेप कटकटीचा असतो. नवे काही बसविताना दर वेळी परवलीचा शब्द कोण देत बसेल, असे ते म्हणतात. पण नवे प्रोग्राम काही रोज बसवावे लागत नाहीत. आणि ज्या घरात हा प्रश्न रोज पडद्यावर येतो, तेथे काहीतरी चुकत आहे असेच समजावे. मळ्याचे फाटक उघडून पुन्हा लावण्यासही क्षणभर खोळंबा होतो, म्हणून कोणी फाटकच काढून टाकीत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोकळेपणाने खटपट केल्यावाचून यंत्र समजत नाही. ज्याच्या हातून कधी काही मोडले नाही, तो शिकणार काय? यात तथ्य आहे. जिज्ञासू हातांना कुलूप घालणे हे शिक्षण नव्हे. परंतु पोहायला शिकविताना मुलाच्या पाठीला भोपळा बांधतात, तो त्याने पाण्यात उतरू नये म्हणून नव्हे, निर्भयपणे उतरावे म्हणून. साध्या खात्यातही प्रोग्राम लिहिता येतात, चालविता येतात आणि चुकले तर पुन्हा लिहिता येतात. घरात एखादा जुना, रिकामा संगणक असेल, तर तो पूर्णपणे मुलाच्या स्वाधीन करावा. तेथे तोच प्रशासक, आणि बिघाड झालाच तर दुरुस्ती करणाराही तोच. कित्येक घरांत यंत्राचे ज्ञान वडिलांपेक्षा मुलीला अधिक असते. तेथे घरच्या यंत्राची व्यवस्था तिच्याकडे सोपविण्यास संकोच करू नये. मात्र तिनेही आपला रोजचा अभ्यास साध्या खात्यातच करावा.

अधिकाराची अशी वाटणी महाराष्ट्राला नवी नाही. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत वर्णिली आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी असत. कोठाराचे काम कारखानिसाकडे असे. एकट्याच्या लहरीने गड चालू नये, त्यांनी मिळून कारभार करावा, अशी ती योजना होती. ही माणसे पारखून घेतलेली असत. तरीही साऱ्या गडाचा अधिकार एकाच्या हाती दिला जात नसे. कोणी फितला, फसला किंवा आजारी पडला, तरी गड जाता कामा नये, हा त्यातील हेतू. विश्वास आणि व्यवस्था ही एकमेकांची वैरी नाहीत. व्यवस्था चोख असली, की विश्वासाला तडा जाण्याचे प्रसंगच थोडे येतात.

ही गडाची योजना घरच्या प्रशासकालाही दोन धडे देते. पहिला असा, की ज्याला सर्व खोल्या उघडता येतात, त्याने त्या उघडाव्यात असे नाही. बहिणीची पत्रे वाचता येतात म्हणून वाचणारा भाऊ प्रशासक होण्यास अपात्र होय. कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी? भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्यानेही मालकाच्या किंवा यंत्राची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीवाचून संगणकात शिरणाऱ्यास नुकसानभरपाईस जबाबदार धरले आहे. घरात कायदा येत नसला, तरी सदसद्विवेकबुद्धी यावी. दुसरा धडा असा, की किल्ली एकट्याच्याच स्मरणात राहिली आणि तो विसरला, तर सारे घर अडून बसते. म्हणून प्रशासकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरातील आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असलेल्या कपाटात ठेवावा. तोच शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविणे मात्र खुंटीवर किल्ली टांगण्यासारखेच आहे.

साध्या खात्याने सर्व संकटे टळतात, असेही कोणी समजू नये. दुष्ट प्रोग्राम साध्या खात्यात चालला, तर इतरांच्या खोल्यांत शिरणे त्याला अवघड जाते. परंतु त्या खात्यातील फायली बिघडविण्यास त्याला वेगळा अधिकार लागत नाही. दाराला कुलूप लावले, तरी कोठीतील उंदरांचा बंदोबस्त निराळाच करावा लागतो. त्यासाठी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा निराळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती यंत्रापासून काढून ठेवावी. प्रणालीतील दोष दूर करणाऱ्या दुरुस्त्याही वेळच्या वेळी बसवाव्यात.

मैंदर्गीतील त्या कल्पिलेल्या घरात मुलाला शिक्षा करावी की करू नये, हा प्रश्न गौण आहे. त्या सायंकाळनंतर खुंटीवरची किल्ली खाली उतरते की नाही, हा खरा प्रश्न. वडिलांनी मुलाला जवळ बसवून घ्यावे आणि त्याच्या देखत चौघांची चार साधी खाती व व्यवस्थेचे एक, अशी पाच खाती उघडावीत. आपल्या खात्याचा परवलीचा शब्द मुलाने स्वतः योजावा. बहिणीने आपली टिपणे त्याला वाचण्यापुरती खुली करावीत. काकांनी हिशेबाची प्रत काढून कपाटात ठेवावी. आणि वडिलांनी आपले काम संपताच प्रशासकाच्या खात्यातून बाहेर पडून, सर्वांसमक्ष, स्वतःच्या साध्या खात्यात प्रवेश करावा. त्या एका कृतीने मुलगा जे शिकेल, ते रागाच्या दहा शब्दांनी शिकणार नाही. पेरणीच्या दिवशी बियाणे जागच्या जागी सापडावे, एवढ्यासाठीच तर कोठीला कुलूप असते.